पान्यातली ढील

मोरीतली तोटी टपकत होती, एवढंच. टपकणाऱ्या तोटीनं आजवर कुणाचं घर बुडवलेलं नाही. पांढुर्ण्यात तर फागुन सरताना तोटी टपकली की नळाला अजून पाणी आहे, असं समजून लोक खूश होतात. पण गजेंद्रच्या घरची तोटी टपकावी म्हणजे हलवायाच्या घरी गूळपोळीवर सण भागवण्यातला प्रकार. नगरपालिकेच्या नळखात्यात त्यानं उभी हयात घालवली होती. गावातला कुठला व्हॉल्व्ह कितव्या आट्याला रुसतो हे त्याच्या मनगटाला पाठ होतं, आणि रिटायर झाल्यावरही मोहल्ल्यातल्या बाया नळ बिघडला की नवऱ्याच्या आधी त्यालाच हाक मारत. तर तो पाना घेऊन उकिडवा बसला, अंगठ्यानं चकरी फिरवली, जबडे नटावर आणून टेकवले आणि नेहमीसारखा, म्हणजे काहीच विचार न करता, दाब दिला. पाना घसरला. बोटांची पेरं भिंतीवर आपटली, त्याचं काही नाही. फिटरच्या पेरांची आणि भिंतीची जुनी ओळख असते. पण नटाचा कोपरा तासला गेला होता. पितळेची एक पिवळी कोर मोरीच्या ओल्या फरशीवर पडली होती, आणि आपलाच दात पडलेला दिसावा तसा गजेंद्र तिच्याकडे बघत राहिला. नटाचा कोपरा म्हणजे माणसाचं नाक, एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही, हे त्यानंच किती हेल्परांना सांगितलं होतं. मग त्यानं पान्याकडे पाहिलं. हाताकडे नाही, पान्याकडे. अशा वेळी माणूस आधी पान्याकडे बघतो, आणि ते तब्येतीला बरंही असतं.

"काय झालं जी?" उषानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाना घसरला."

"रोजचाच तं पाना हाय."

"ढील आली त्याच्यात. जुना झाला."

"ढील आली," उषा म्हणाली. मघाशी तिनं चहा आणून दिला होता तो अर्धा कप. आणि बशीशिवाय. गजेंद्रला एकदम आठवलं की हिवाळ्यापासून आपल्याला बशी दिसलेली नाही. बशी असली की कप तिच्यावर वाजतो, आणि अर्धा असला की सांडत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात बायको किती मुकाट्यानं बशी उचलून नेते, हे त्या पिवळ्या कोरेकडे बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, आणि तेवढ्याच मुकाट्यानं त्यानं ते परत मनाच्या तळाशी सारलं.

पाना त्यानं कानाशी नेला. स्क्रूपान्याची परीक्षा अशीच करायची असते. वरचा जबडा दांड्याचाच भाग, तो हलत नाही; खालचा सरकतो, आणि त्याला सरकवणारी दातेरी चकरी अंगठ्याखाली बसते. चकरी थांबल्यावर खालच्या जबड्यानंही थांबलं पाहिजे. नाही थांबला, डुलत राहिला, तर ती ढील. डोळ्याला न दिसणारी ढील कानाला ऐकू येते. टिक, टिक, टिक. गजेंद्रनं डोळे मिटले. आवाज बारीक होता, भिंतीच्या आत कुणी घड्याळ पुरून ठेवावं तसा. इतक्यात स्टेशनाकडून इटारसीची मालगाडी आली आणि नेहमीप्रमाणे फळीवरची भांडी, खिडकीचे गज, देवघरातली घंटी, सगळं हलकं हलकं थरारायला लागलं. मालगाडी गजेंद्रला अलीकडे फार आवडायची. ती जात असेपर्यंत सगळं घरच कापतं, एकट्या हाताला कुणी नाव ठेवत नाही. गाडी गेली. भांडी थांबली, घंटी थांबली. टिक, टिक, टिक.

दुपारी तो पंकजच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. पंकजच्या बापाशी त्याची दोस्ती होती, बाप गेल्यावर पोराशी झाली. पोरगं तोंडानं तिखट, पण मालाला खरं. गजेंद्रनं म्हटलं, दुकानात जितके स्क्रूपाने असतील तितके काढ, आणि पंकजनं सतरंजी अंथरावी तसं पोतं अंथरून त्यावर पान्यांची रांग लावली. गजेंद्र एकेक उचलत गेला. पहिला वजनाला हलका. दांड्यावर चांदीसारखा मुलामा, पण नखानं टिचकी मारली तर आवाज मडक्याचा. म्हणजे ओतीव लोखंड, जोर लावला की बिस्किटासारखं मोडणारं. दुसरा घडीव, आवाज घंटेसारखा, पण जबडे बंद करून उजेडाकडे धरले तर मधून केसाएवढी फट, त्या फटीतून रस्त्यावरचा संत्र्याचा ठेला दिसला. तिसऱ्याच्या चकरीचे आटे इतके आखूड की ती अंगठ्याखाली साबणासारखी पळे. चौथा पाहताच त्याला बरं वाटलं. काळसर, बिनचमकीचा, जबडे बंद केले तर दोघांमधून काळोखही जाणार नाही असे बसले. त्यानं तो कानाशी नेला.

"काका," पंकज म्हणाला, "तुमी पाना घेऊन राहिले का नवरी पाहून राहिले?"

"नवरी एकवेळ ढिली चालते बा. पाना नाही चालत."

"हे उषाकाकूले सांगू का?"

"थांब जरा. ऐकू दे. ह्याच्यातही हाय."

"काय हाय?"

"टिकटिक. घे, ऐक."

पंकजनं पाना घेतला, कानाशी धरला, हलवला. भुवया वर केल्या. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. "कुठं हाय काका? ह्याच्यात तं मसणातल्यासारखी शांती हाय," असं म्हणून तो हसला, आणि पाना परत देताना त्याची नजर गजेंद्रच्या पुढे झालेल्या हातावर गेली. हसू तोंडावर तिथंच राहिलं, त्यामागचा माणूस मात्र निघून गेला. चेष्टेखोर माणूस चेष्टा करायचं थांबवतो तेव्हा दुकानात एकदम थंडी वाजते. पंकजनं पाने एकेक करून पुन्हा खिळ्यांना टांगले, फार सावकाश, जणू त्यांना काही कळू नये. "काका, हप्त्याभरात नवा माल येऊन राहिला," तो म्हणाला. "मीच घरी आणून देतो. तुमी कायले येता." गजेंद्रनं हात खिशात घातला. खिशात हाताला कापडाची भिंत मिळाली, आणि तो तिच्यावर आतून टकटक करत राहिला.

घरी येताना त्याच्या मनात एकच पाना होता, यशवंतरावांचा. यशवंतराव सौसरच्या नळखात्यात होते, हा पांढुर्ण्याच्या; दोघांचे साहेब वेगळे, पाईप वेगळे, पण भांडण एकच, आणि ते तीस वर्षं चाललं: पाना कुणाचा चांगला. यशवंतरावांचा पाना त्यांच्या सांगण्यानुसार कधी इंग्रजाच्या रेल्वेतून आलेला असायचा, तर कधी जाम नदीच्या डोहात आंघोळ करताना पायाला लागलेला. एकदा तर ते म्हणाले की गोटमारीच्या, म्हणजे पोळ्यानंतर नदीच्या दोन काठांवरून होणाऱ्या दगडफेकीच्या दिवशी सावरगावकडून आलेला गोटा त्यांच्या खिशातल्या पान्यावर बसला आणि गोट्याच्याच दोन फाका झाल्या; सौसरचा माणूस गोटमारीत काय करत होता, असं विचारलं तर म्हणाले, "पान्यालेच पाहायची होती, मी सोबत गेलो." लोखंड ते हातोहात कधी देत नसत. हातोहात लोखंड दिलं की देणाऱ्याचं काहीतरी घेणाऱ्याकडे जातं, म्हणून पाना भुईवर ठेवायचे आणि समोरच्यानं उचलायचा. हा रिवाज सगळ्याच जुन्या घरांतून आहे, पण यशवंतरावांइतका कडक कुणी पाळत नसे; ओव्हरहेड टाकीच्या शिडीवर उभे असले तरी पाना मागितला की खाली उतरायचे, भुईवर ठेवायचे, दोन पावलं मागं सरायचे.

आणि दर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की संत्र्याची परीक्षा व्हायची. झाडावरून काढलेलं संत्रं पान्याच्या जबड्यात धरायचं, चकरी एवढीच फिरवायची की संत्रं पडू नये आणि त्यातून रसाचा थेंब निघू नये, आणि हात आडवा करून अंगण ओलांडायचं. ढील असलेला पाना एक तर संत्रं टाकतो, नाही तर पिळतो. गजेंद्रच्या पान्यातून दरवर्षी थेंब निघायचा. एवढासा, पण निघायचा, आणि यशवंतरावांची बायको, अंबावहिनी, हसू दाबून म्हणायच्या, "भाऊजीचा पाना रडला बाप्पा." यशवंतराव मात्र मूर्तीसारखे चालत. मनगट नाही, खांदा नाही, त्यांच्यातलं काहीच हलायचं नाही. शेवटची काही वर्षं तर डोळ्याची पापणीही लवायची नाही, आणि ते बघताना गजेंद्रला हेव्यासोबत आणखी काहीतरी वाटायचं, ज्याला त्यानं कधी नाव दिलं नाही. दिवाळीच्या सुमारास यशवंतराव गेले. तेराव्याला गजेंद्र गेला होता. पाना कुठं आहे, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. मेलेल्याच्या घरी पान्याची चौकशी करू नये, एवढी अक्कल त्या दिवशी त्याला झाली, आणि तेव्हापासून तो त्या अकलेला शिव्या देत होता.

अंबावहिनींचा फोन आला तो ह्या दिवसांत. बोलावणं आलं असं म्हणा, किंवा पान्यानं पाठवलं असं म्हणा.

"भाऊजी, एक डाव येऊन जा," त्या म्हणाल्या. "घरातलं काहीच उघडून नाही राहिलं."

"काहीच मतलब काय वहिनी?"

"मतलब काहीच. तोटी नाही, खिडकी नाही, लोणच्याची बरणी नाही. गावातले दोन मिस्त्री येऊन गेले. एकाचा पाना फुटला, दुसरा म्हणते नळच तोडा. मी शेजारच्या प्रेमलताच्या घरून पाणी भरून राहिली. त्याईनं कसलेलं हाय नं सगळं, म्हणून म्हटलं तुमालेच जमन."

गजेंद्रनं पिशवीत आपला ढिला पाना टाकला आणि सकाळची बस धरली. उषाला सांगितलं, तोटी दुरुस्त करायला चाललो. खोटं नव्हतं. त्याला तो पाना हवा होता, ही गोष्ट त्या खऱ्याच्या पोटात बसली होती, संत्र्यात बी बसते तशी. त्याच्या मनात हिशेब सरळ होता: ज्यात ढील नाही असा एक तरी पाना जगात आहे. तो हातात आला की हातही थांबेल. हात थांबला की मोहल्ल्यातल्या बाया हाक मारत राहतील, उषा बशी परत आणेल, आणि आपण गजेंद्र राहू; नाही तर खिशात हात घालून फिरणारा कुणी एक म्हातारा. बस खडखडत होती, खिडक्यांच्या काचा वाजत होत्या, शेजारी मोहगावची एक बाई मांडीवर वांग्यांचं बोचकं घेऊन बसली होती आणि तिची वांगीही कापत होती. असं सगळं कापत असताना गजेंद्रला झोप लागली, गाढ. स्वप्नात तो संत्र्याच्या बागेत होता, आणि प्रत्येक झाडावर फळाच्या जागी एकेक नट होता, आणि कुणीतरी त्याच्या मागून चालत ते एकेक कसत येत होतं. त्यानं वळून पाहिलं नाही. नुसता आवाज ऐकला, कर्र, कर्र. सौसर आलं तेव्हा कंडक्टरनं त्याला हलवून उठवलं.

घर तेच होतं, पण आत पाऊल टाकताच कानांना दडे बसले. विहिरीत उतरल्यावर बसतात तसे. अंबावहिनींनी पाटावर बसवलं, प्रेमलताकडच्या पाण्याचा चहा केला आणि मग त्याला घर दाखवलं, नवं बांधलेलं घर पाहुण्याला दाखवावं तसं. खिडकीच्या कड्या अशा बसलेल्या की कडी आणि चौकट एकाच धातूची वाटावी. पलंगाचे नट लाकडात रुतलेले, लाकूड दबून काळं पडलेलं. पंख्याची पाती हातानं ढकलली तरी फिरत नव्हती. लोणच्याची बरणी, तेलाची बाटली, कुंकवाचा करंडासुद्धा. अंबावहिनींच्या कपाळावर आता कुंकू नव्हतंच, पण करंड्याचं झाकण फिरवून बघताना त्यांची बोटं पांढरी झाली, आणि झाकण हललं नाही.

"शेवटी शेवटी त्याईले एकच नाद लागला होता," त्या म्हणाल्या. "पाना घेऊन घरभर हिंडायचे. काही दिसलं का कसायचे. मी म्हटलं, अहो, झालं नं आता, किती कसता. तं म्हणत, ढील राहिली नाही पाहिजे."

"हात चांगला होता त्याईचा," गजेंद्र म्हणाला. "तसा हात मी नाही पाहिला."

अंबावहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या कपाकडे, ज्यातला चहा आपल्या आपण तळ्यासारखा हलत होता. "चांगला कुठला भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा जास्त कापे. घास तोंडात जाईना. ह्या पान्यानं धरून ठेवला होता तो हात. पाना हातात असला का दगड. खाली ठेवला का पुन्हा सुरू. मग त्याईनं खाली ठेवनंच सोडलं. झोपतानी बी हातात. जेवतानी बी."

गजेंद्रच्या डोळ्यांपुढून ते मूर्तीसारखं चालणं गेलं, न लवणारी पापणी गेली. म्हणजे तीस वर्षांतली निदान शेवटची काही वर्षं तो ज्याचा हेवा करत होता ते यशवंतराव नव्हतेच. हे समजून त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच्या मनात उजेडासारखं एकच वाक्य आलं: म्हणजे खरंच थांबतो.

"पाना कुठं हाय वहिनी?"

पाना देवघराशेजारच्या कोनाड्यात होता. काळाभोर, तेल पाजलेला, उभा. आणि त्याच्या जबड्यात एक संत्रं होतं. वाळून लहान झालेलं, कातडं लाकडासारखं, पण अख्खं. ना सडलेलं, ना पडलेलं. संत्रं वाळून आकसत गेलं असेल तर जबडे आणि त्याच्यामध्ये फट पडायला हवी होती. फट नव्हती. संत्रं जसजसं लहान होत गेलं, तसतसा पाना बंद होत आला होता.

"दसऱ्याचं हाय?" त्यानं विचारलं.

"नाही. शेवटच्या दिवशीचं. सकाळी उठले आणि मले म्हणाले, घरात एखादं संत्रं हाय का. मले वाटलं खायले मागून राहिले. आणून देलं. थोड्या वेळानं पाहते तं हात रिकामा, अन् असा कापून राहिला, असा कापून राहिला भाऊजी, पण तोंडावर हसू. मले म्हणाले, आता याले हे धरू दे. अन् दुपारी गेले."

त्यांनी पदरानं पाना उचलला, भुईवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरल्या. घराच्या रिवाजाप्रमाणे. गजेंद्र वाकला. आपला हात त्या काळ्या दांड्याकडे जाताना त्यानं पाहिला. तो इतका कापत होता की एका पान्यासाठी चार हात पुढे झाल्यासारखे दिसत होते. बोटं दांड्यावर मिटली आणि चार हातांचा एक हात झाला. थांबला. पाणी थांबतं तसा नाही, कारण थांबलेल्या पाण्यावरही वारा असतो, गोठल्यासारखा थांबला. अंगठा चकरीवर गेला, आणि त्यानं फिरवायच्या आधी चकरी त्याच्या अंगठ्याखाली फिरली. कर्र. संत्रं सुटलं, पोकळ आवाज करत फरशीवरून घरंगळत गेलं आणि अंबावहिनींच्या पावलांशी जाऊन थांबलं.

आता त्याला कुणी विचारलं असतं की सुख कसं असतं, तर त्यानं तो हात पुढे केला असता. तो मागच्या मोरीत गेला, तोटीच्या नटावर पाना टेकवला, आणि जबडे नटाला असे बिलगले की नट आणि पाना आणि मनगट आणि खांदा हे सगळं एकाच ओतकामातलं वाटावं. टिकटिक नाही. ढील नाही. पाना आणि तो ह्यांच्यामध्ये काळोखालाही जागा नाही. त्यानं डावीकडे जोर लावला, उघडायला. हात उजवीकडे गेला. त्याला वाटलं आपलंच चुकलं; म्हातारपणी उजवं-डावं होतं. पुन्हा डावीकडे. हात पुन्हा उजवीकडे गेला, आणि नट किंचाळला, आणखी आत बसला. तिसऱ्यांदा त्यानं अंग मागं टाकून ओढलं. हातानं त्याला पुढे ओढलं, आणि भिंतीतल्या पाईपात कुठंतरी दूर, बहुतेक रस्त्याखाली, काहीतरी आवळल्याचा आवाज आला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपली छातीसुद्धा जराशी घट्ट झाली आहे. पापणी लवत नाहीये. पुढचा श्वास घ्यायचा तर तो बरणीच्या झाकणासारखा फिरवून उघडावा लागेल. यशवंतराव अंगण ओलांडताना हेच सोसत होते तर. हेच, पापणी न लववता, दर दसऱ्याला.

पाना ठेवून द्यावा म्हणून त्यानं बोटं उघडली. बोटं उघडली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ती उघडावीत असं त्याला तितकंसं वाटतही नव्हतं. हा हात घेऊन पांढुर्ण्याला जाता येईल. पंकजच्या दुकानात जाऊन पोत्यावरच्या एकेका पान्याला ह्या हातानं तोलून दाखवता येईल. उषापुढे काठोकाठ भरलेला कप धरता येईल, बशीसकट. उषाला धरता येईल. इथं तो थांबला. उषाला ह्या हातानं धरलं तर ती सुटेल का, हा विचार त्याच्या मनात नुसता येऊन उभा राहिला, दारात पाहुणा उभा राहावा तसा.

"वहिनी," तो दातांतून म्हणाला, कारण जबडाही आता नीट उघडत नव्हता, "संत्रं द्या."

 अंबावहिनींना हे घर ठाऊक होतं. त्यांनी ते वाळलेलं संत्रं आणून भुईवर ठेवलं आणि मागं सरल्या. गजेंद्रनं पाना त्याच्याजवळ नेला, भुकेल्या जनावराचं तोंड घमेल्याकडे नेतात तसा. क्षणभर काहीच झालं नाही. पाना जणू दोघांना जोखत होता, कोण जास्त टिकेल. मग चकरी फिरली. जबडे उघडले, संत्र्यावर मिटले, आणि त्याची बोटं एकेक करून सुटली. अंगठा सगळ्यात शेवटी. आणि कंप परत आला. हरवलेलं कुत्रं घरी यावं तसा, अंगभर, धावत. गजेंद्र भिंतीला टेकून बसला आणि आपला कापणारा हात बघत मोठमोठ्यानं श्वास घेत राहिला.

"तोटी राहू द्या भाऊजी," अंबावहिनी म्हणाल्या. "मी प्रेमलताकडून भरत जाईन."

"थांबा जरा." त्यानं पिशवीतून आपला पाना काढला. ढिला, डुलत्या जबड्याचा, रडणारा. नटावर लावला आणि ह्या वेळी हाताला आवरलंच नाही. कापू दिलं. हात कापला तसा पाना कापला, पाना कापला तसा नट. टिकटिकटिकटिक, डावी-उजवी, डावी-उजवी, केसाएवढी, अर्ध्या केसाएवढी. गंजलेल्या नटाशी कुस्ती खेळायची नसते, त्याला गुदगुल्या करायच्या असतात, हे नळखात्यातलं पहिल्या वर्षाचं शिक्षण. पण एवढ्या बारीक गुदगुल्या करणारा हात नळखात्यात कधी झाला नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग नटानं उसासा टाकला, तोटी खोकली, लाल पाणी आलं, मग पिवळं, मग पाणी. अंबावहिनींनी पहिली ओंजळ तोंडावर मारली आणि तशाच उभ्या राहिल्या. आतल्या खोलीत खिडकीची कडी आपल्या आपण खाली पडली. पंख्याचं पातं इंचभर हललं.

"भाऊजीचा पाना रडला बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी हसू दाबलं नाही. रडूही नाही.

पाना त्यांनी कोनाड्यात ठेवला नाही. भुईवरच राहू दिला, वर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि घमेल्यावर पाटा. निघताना गजेंद्रनं कान दिला. आत काही आवाज नव्हता. संत्रं अजून उरलं होतं.

परतीच्या बसमध्ये तो हात मांडीवर उघडा ठेवून बसला, खिशात नाही. कापू दे. उषाला आज सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. बशी परत आण म्हणू, वाजली तर वाजली. दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा मोरीतली तोटी टपकतच होती. पाना काढायचा कंटाळा आला म्हणून जाता जाता त्यानं तोटीची मूठ नुसत्या हातानं बंद केली, अंगठ्यानं जरासा रेटा दिला. थेंब थांबला. "बसली एकदाची," उषा म्हणाली. "पाना बी नाही लागला." जेवताना त्यानं तिला सगळं सांगितलं, हाताचं. तिनं ऐकलं, उठली, फळीवरून बशी काढली, धुतली आणि त्याच्यापुढे ठेवली. दोघं बराच वेळ कप बशीवर वाजताना ऐकत बसले, आणि तो आवाज ऐकून गजेंद्रला शांत झोप लागली.

सकाळी त्याला जाग आली ती उषाच्या हाकेनं.

"अजी, तोटी उघडून नाही राहिली. कायले इतकी कसली?"

त्यानं पांघरुणातून हात बाहेर काढला, खिडकीच्या उजेडात धरला. चार बोटं कापत होती, नेहमीसारखी. अंगठा कापत नव्हता. चकरीच्या दात्यांच्या आडव्या रेघा त्याच्यावर स्वच्छ उमटल्या होत्या, आणि तो चार बोटांच्या शेजारी निवांत उभा होता, दुसऱ्याच्या घरी आलेला आणि जायची घाई नसलेला. गजेंद्रनं तो मुठीत दडवला. चारही बोटांनी त्याला झाकलं, आणि झाकताना ती जास्तच कापायला लागली.

"काहून बोलून नाही राहिले?" उषा दारात आली. "जागे हाय नं?"

"हो," तो म्हणाला. मूठ त्यानं उशीखाली सारली. "उषा, घरात एखादं संत्रं हाय का?"